बाबा, सकाळी एक

बुधवार, ६ नोव्हेंबर

मंडळी काल ठाण्याला परत गेली. निघताना सानवीने ही वही हातात ठेवली आणि म्हणाली, "आजी, रोज लिहायचं. मी शिमग्याला आले की तपासणार." नात नव्हे, इन्स्पेक्टर आहे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, दैनंदिनीत मजकूर असा लिहावा की कुणीच वाचणार नाही, आणि अक्षर असं काढावं की सगळे वाचणार आहेत. अक्षराचं बघते. मजकुराचं बघू.

पोट पुन्हा दुखतंय. बेंबीच्या वर, बरगड्या जुळतात तिथे निखारा ठेवल्यासारखं. दिवाळीत कुणाला कळू दिलं नाही. कडबोळी तळताना एकदा ओट्याला धरून उभी राहिले, तर सूनबाईला वाटलं मी तेल तापल्याचा अंदाज घेतेय.

बाकी सगळं नेहमीसारखं. पाचला उठले, कोरी कॉफी केली, तिच्याबरोबर यांची एक गोळी घेतली. तिने गुडघ्याला बरं वाटतं. हे गेले त्याला आता दीड वर्ष झालं. शौनक त्यांच्या कंबरेच्या गोळ्या ठाण्याहून सहा-सहा महिन्यांच्या एकदम पाठवायचा, आणि शेवटचं पार्सल नेमकं दहाव्याच्या दिवशी दारात आलं. सही मीच केली. आत निळा पत्र्याचा डबा, वर शौनकच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी: "बाबा, सकाळी एक." वर्षभर तो डबा उघडला नाही. जुलैत गुडघा सुजला तेव्हा उघडला. चांगल्या गोळ्या फुकट का घालवायच्या?

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज गोदूबाईने पकडलं. ती आमच्याकडे तेवीस वर्षं कामाला येते, त्यामुळे तिच्यापासून ताट लपवता येत नाही.

"वयनी, ह्यो भात कुणासाठी ठेवलाव?"

"मांजरासाठी."

"मांजर मेला गणपतीत."

मग तिने कोकमाच्या आगळात पाणी आणि जिरं घालून पेला पुढे केला. "प्या. पित्त झालाय तुमाला." आमच्याकडे पोटाच्या सगळ्या तक्रारींवर हे एकच औषध. आई करायची, आजी करायची. प्यायले. निखाऱ्यावर कुणी फुंकर घातली असं झालं. गोदूबाई समोर उभी होती, म्हणून बरं वाटल्याचा चेहरा केला.

आईचंही असंच सुरू झालं होतं. तीही आगळ पीत राहिली आणि कुणाला काही बोलली नाही. मिरजेला नेलं तोवर डॉक्टरांनी पोट उघडून पुन्हा शिवलं. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. मी चौसष्टची आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

शौनकचा फोन. आवाज ऐकूनच ओळखलं की आज विषय निघणार.

"आई, तू बारीक दिसत होतीस."

"साडी गडद रंगाची होती."

"आई, मी थट्टा करत नाही. तिथे एकटी, बावीस पायऱ्या, गुडघा. उद्या काही झालं तर? तू इकडे ये. घर बंद करू. महिन्यातून एकदा येऊन उघडू."

मी म्हटलं, "आणि शिमग्याला पालखी आली तर?"

तो हसला. त्याला वाटलं मी विषय बदलतेय. ग्रामदेवतेची पालखी दरवर्षी आमच्या परटवणे भागातली ही चढण चढून आमच्या दारात येते. सासूबाई सांगायच्या, ज्या घराला कुलूप दिसतं तिथे पालखी वळते, थांबत नाही. वरच्या अंगाला आता अशी चार घरं आहेत. ढोल त्यांच्यापाशी आले की जरा हळू वाजतात, की मला तसं वाटतं कोण जाणे.

पोटाचं त्याला सांगितलं नाही. सांगितलं की घराला कुलूप लागलंच.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज सगळं हाताबाहेर गेलं. भाजी घेऊन येताना आठव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच चिऱ्यावर बसले. वांगी खाली घरंगळत गेली. गोदूबाई वरून धावत आली. ती वांग्यांकडे बघेल असं वाटलं होतं, पण तिने थेट रस्त्यावर जाऊन रिक्षाच थांबवली. "आता बोलू नुका. गप बसा रिक्षात."

मारुती मंदिरापाशी डॉ. मनस्विनी सुर्वे यांचा दवाखाना आहे. वयाने माझ्या सुनेएवढी, केस वर बांधलेले, बोलणं भरभर. मी बाहेरच ठरवलं होतं की थोडक्यात आटपायचं. पण तिने पोटावर नेमकं बोट ठेवलं आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं.

"कधीपासून काकू?"

"आठ-दहा दिवस."

गोदूबाई दारातून म्हणाली, "नवरात्रापासून."

डॉक्टरीणबाईंनी नवरात्र लिहिलं. मग प्रश्नांची फैर. वजन? कमी झालं. शौचाला काळं होतं का? हो, पण मला वाटलं नाचणीमुळे. घरात कुणाला? इथे आईचं सांगितलं. सांगताना आवाज लहान मुलीसारखा झाला. तिने लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, एवढ्यानेही बरं वाटलं.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत? बीपी, शुगर? अंगदुखीच्या?"

"नाही हो. मी गोळ्या घेणाऱ्यांतली नव्हेच."

हे खोटं नव्हतं. त्या गोळ्या माझ्या नाहीत. डब्यावर नाव यांचं आहे.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ. शुक्रवारी तोंडातून दुर्बीण घालून बघणार. अल्सर असू शकतो म्हणाली. "आणि नसला तर?" मी विचारलं. "तर ते शुक्रवारी कळेल," ती म्हणाली. खोटा धीर दिला नाही. आवडली मला.

संध्याकाळी शौनकला सांगावंच लागलं. तो उद्याच्या रात्रीच्या गाडीने निघतोय.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

झालं. घशात कडू फवारा मारला, कुशीवर झोपवलं, दातांत एक रिंग दिली. नर्स म्हणाली, "नाकाने श्वास घ्या आजी, छान काहीतरी आठवा." मला शाळेची प्रार्थनेची घंटा आठवली आणि रांगेत माझ्या पुढे उभी असलेली फिलोमिना, तिची कधीच सरळ नसलेली रिबन. ती सरळ करायची मनात आणेपर्यंत नळी बाहेर आली होती.

अल्सर आहे. जठराच्या खालच्या टोकाशी, चवलीएवढी जखम. चवली, म्हणजे जुनी दोन आण्यांची, हा माझा शब्द. डॉक्टरांनी मिलिमीटर सांगितले. तिथला तुकडा तपासणीला पाठवलाय. आठवडाभराने कळेल.

शौनक बाहेर बाकावर बसला होता. मला धरून रिक्षात बसवलं. पायऱ्या चढताना मागे हात धरून होता, अगदी त्याच्या वडिलांसारखा, न लावता, नुसता मागे.

शनिवार, ३० नोव्हेंबर

साधी जखम. दुसरं काही नाही. काही नाही!

डॉक्टरांनी कागद पुढे केला, पण मला अक्षरं दिसेनात. "काकू, कॅन्सर नाही. जंतूही नाहीत. आठ आठवडे ही गोळी नाश्त्याच्या आधी अर्धा तास, आणि लोहाची दुपारी. तिखट, आंबट बंद. आगळ बंद. उपास बंद. एकदम बऱ्या व्हाल."

गोदूबाईला आगळाचं सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "माज्याच हातान पाजला मी!" मग दोघी हसलो, मग दोघींच्या डोळ्यांत पाणी. दुपारी तिने मऊभात, मेतकूट आणि तूप वाढलं आणि मी ताट संपेपर्यंत समोरून हलली नाही.

शौनकला फोन केला. पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाला, "बरं. आता गोळ्या वेळेवर घे." त्याचे बाबाही रडू आलं की असंच बोलायचे.

आईलाही मनातल्या मनात सांगितलं.

सोमवार, २३ डिसेंबर

तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण लिहावंसं काही नव्हतं. सगळं सांगितल्याप्रमाणे करतेय. तिखट नाही, आंबट नाही, सांडग्या मिरचीचा वासही नाही. पाचला उठते, कॉफी आणि यांची गोळी, मग साडेसातला डॉक्टरांची गोळी, मग नाश्ता. पहिले काही दिवस आग कमी झाली. मग तिथेच थांबली. आणि पहाटे ती पूर्वीसारखीच जागी करते.

आज तपासणी होती. हिमोग्लोबिन साडेआठचं पावणेनऊ. डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "एवढं औषध घेऊन हे असं व्हायला नको, काकू. पुन्हा दुर्बीण घालावी लागेल, आणि मग कदाचित मुंबईला दाखवावं लागेल."

मुंबई म्हणजे ठाणं. ठाणं म्हणजे कुलूप.

निघताना तिने मागून हाक मारली. "एक करा. शनिवारी येताना एक पिशवी घेऊन या. तुमच्या पोटात जे जे जातं ते सगळं तिच्यात घाला. चूर्ण, काढा, अंगारा, शेजारणीने दिलेलं, सगळं. मला बघायचंय."

यांच्या गोळ्यांच्या आता तीन पट्ट्या उरल्या. मागवायच्या तर चिठ्ठी लागेल, आणि चिठ्ठी यांच्या नावाची. महिन्याभराने सकाळी पाचला काय करायचं, कोण जाणे.

मंगळवार, २४ डिसेंबर

फिलोमिनाचा, म्हणजे फिलूचा, वसईहून फोन. दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी येतो. आवाज अजून वर्गातल्यासारखा, मागच्या बाकावरून आल्यासारखा. "पद्मे, नेवऱ्या पाठवल्यात. खाल्ल्या नाहीस तर परत मागवीन."

"मला बंद आहेत गं."

मग सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग आम्ही शाळेचं बोलत बसलो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फिलू आणि बाकीच्या ख्रिस्ती मुली कबुलीजबाबाला रांगेत उभ्या राहायच्या आणि आम्ही हिंदू मुली व्हरांड्यात बसून त्यांचा हेवा करायचो. एकदा मी तिला विचारलं होतं, आत जाऊन तू काय सांगतेस? ती म्हणाली होती, "सोपं असतं. लहान पापं मोठ्याने सांगायची आणि मोठं पाप हळूच, मध्येच, खोकत."

आज आठवण करून दिली तर म्हणाली, "आणि फादरना तेवढंच नेमकं ऐकू यायचं!"

शनिवार, २८ डिसेंबर

हे नीट लिहायचं आहे.

सकाळी पिशवी भरली. हिंग्वाष्टक चूर्ण, सुंठ, ओवा, इसबगोल, गोदूबाईने तिच्या गावाहून आणलेला अंगारा, लोहाच्या गोळ्या, डॉक्टरांच्या गोळ्या. निळा डबा कपाटातच ठेवला. चप्पल घातली. चौदा पायऱ्या उतरले. खालून आठव्या पायरीवर, जिथे त्या दिवशी बसले होते, तिथे पुन्हा बसले. पोट दुखत नव्हतं. बसावंसं वाटलं एवढंच.

मग परत वर गेले आणि डबा घेऊन आले.

दवाखान्यात एकेक वस्तू टेबलावर मांडली. "हे चूर्ण, रात्री अर्धा चमचा. ही सुंठ, सर्दी झाली तरच. हा ओवा. हा अंगारा, पोटात नाही, कपाळाला लावते." सगळं खणखणीत आवाजात. मग इसबगोल आणि लोहाच्या मध्ये डबा ठेवला आणि म्हटलं, "आणि ही यांची एक, सकाळी." आणि खोकले. खरंच खोकले.

डॉक्टरांनी बाकी कशाकडेही पाहिलं नाही. डबा उघडला, पट्टी उलटी करून वाचली, मग झाकणावरची चिठ्ठी वाचली.

"बाबा कोण?"

"माझे मिस्टर. शौनकने त्यांच्यासाठी पाठवल्या होत्या. ते गेल्यावर आल्या."

"आणि तुम्ही घेताय? कधीपासून?"

"जुलै. गुडघ्याला."

"रोज? काही खाऊन?"

"पाचला. कोऱ्या कॉफीबरोबर. ते तसंच घ्यायचे."

तिने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. मला वाटलं आता ओरडणार. "काकू, मी तुम्हाला विचारलं होतं."

"तुम्ही माझ्या गोळ्यांचं विचारलंत. या यांच्या आहेत."

माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते.

ती उठली आणि टेबलाला वळसा घालून शेजारच्या खुर्चीत बसली. ओरडली नाही. "या पेनकिलर आहेत. उपाशी पोटी रोज घेतल्या तर जठराला भोक पडू शकतं. तुम्हाला जखम यांनीच झाली असणार. मी इकडून मलम लावतेय आणि तुम्ही रोज पहाटे तीच जखम खरवडताय. आईंच्या आजाराशी याचा काही संबंध नाही, मुंबईचीही गरज नाही. फक्त ही गोळी आजपासून बंद."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याचं मी बघते. व्यायाम आहेत, लावायचं औषध आहे." मग जरा थांबून, "काकांच्या आठवणीसाठी दुसरं काहीतरी शोधा. कॉफी दोन कप करता का अजून?"

हे तिला कसं कळलं? मी कुठेच लिहिलेलं नाही, इथेसुद्धा नाही. दोन कप करते. एक ओतून देते.

पट्ट्या तिने ठेवून घेतल्या. डबा मी मागून घेतला.

रविवार, २९ डिसेंबर

पाचला उठले. डबा उघडला, रिकामा. खूप रडले. एवढी तेव्हाही रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं होती, सगळ्यांचा चहा करायचा होता. रडून झाल्यावर दूध गरम करून प्यायले आणि गोदूबाई येईपर्यंत ओटीवर बसून राहिले. ती म्हणाली, "डोळं का सुजलं?" मी म्हटलं, "झोप छान लागली."

"लबाड," ती म्हणाली आणि झाडू घेतला.

शौनकला फोनवर खरं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "ते पार्सल थांबवायचं मला सुचलंच नाही गं, आई." दीड वर्ष तो हे मनात धरून बसला होता, आणि मला वाटत होतं की डबा फक्त माझ्याकडेच आहे.

रविवार, १२ जानेवारी

चार दिवस झाले, पहाटे पोटाने उठवलं नाही. उठते ती सवयीने. गुडघा मात्र ठणकतो. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम पाटावर बसून करते आणि गोदूबाई आकडे मोजते, दर वेळी सातानंतर नऊ.

निळ्या डब्यात नाचणीची बिस्किटं भरलीत. डॉक्टरांनी सांगितलंय की सकाळी पोट रिकामं ठेवायचं नाही. उठल्यावर एक खाते. चिठ्ठी तशीच आहे. काढायचा प्रयत्न केला, कोपरा निघाला, मग सोडून दिलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. शाळेच्या दिवसांपासून हा उपास कधी चुकवला नव्हता. आज सकाळी आंबेमोहराचा भात, तूप आणि मुगाचं वरण देवाला दाखवलं आणि म्हटलं, डॉक्टरांना विचारा. मग पोटभर जेवले. देवाची काही तक्रार आली नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुर्बीण पुन्हा. या वेळी भीती नव्हती, नुसता कंटाळा. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. जखमेच्या जागी गुळगुळीत गुलाबी कातडी, बाळाच्या टाचेसारखी. हिमोग्लोबिन साडेअकरा.

"काकू, आता काय खायचंय?"

"सोलकढी."

"अर्धी वाटी. जेवणानंतर. आणि मला बोलवायचं."

बोलावलंय. रविवारी येते म्हणाली.

रविवार, १६ मार्च

पालखी येऊन गेली. हात अजून गुलालाने लाल आहेत, पानाला डाग पडला तर पडो.

दुपारपासून ढोल ऐकू येत होते. दार सकाळीच सताड उघडून ठेवलं होतं, उंबऱ्यावर रांगोळी, ओटीवर पाट. खालून कुणीतरी ओरडलं, "काकू, वर येऊ काय?" मी ओरडले, "या!" एवढ्या जोरात शेवटचं कधी ओरडले होते आठवत नाही. शौनकने पालखीला खांदा दिला होता. बावीस पायऱ्या चढून आला, कपाळावर घाम, चेहरा शाळकरी मुलासारखा. मी नारळाची ओटी भरली. गाऱ्हाणं घालणाऱ्याने यांचं नाव घेतलं, मग माझं, मग सगळ्यांचं, आणि गोदूबाईने मागून आठवण केली, "वयनींचा प्वाट पन सांगा!" अंगणभर हशा.

पालखी वरच्या अंगाला गेल्यावर पाहिलं तर शौनक पायऱ्यांवर टेप घेऊन बसला होता. टेपचं दुसरं टोक गोदूबाईच्या हातात.

"काय करतोस रे?"

"माप घेतोय. कठडा बसवून घेऊ, लोखंडी. दोन्ही बाजूंनी." मान वर केली नाही. "पावसाच्या आत व्हायला हवा."

ठाण्याचं कुणी काही बोललं नाही.

सानवीने वही तपासली. तिला मराठी जोडाक्षरं जड जातात, म्हणून तारखाच वाचल्या. "आजी, मध्ये सहा-सहा आठवडे सुट्टी?" मी माफी मागितली. मग तिने बिस्किटांसाठी निळा डबा काढला आणि वाचत म्हणाली, "बाबा, सकाळी एक. बाबा म्हणजे आमचे बाबा?"

"नाही गं. तुझ्या बाबांचे बाबा."

तिने दोन बिस्किटं घेतली, एक माझ्या हातावर ठेवलं आणि एक देवघरातल्या यांच्या फोटोपुढे. मग थोडा विचार करून तेही उचलून खाल्लं.

गुडघा भारी ठणकतोय. सकाळपासून इतक्या वेळा वर-खाली केलं, ठणकणारच. व्यायाम करून झोपते.